अंगणवाडी ते किशोरस्वास्थ्य : बालविकासाच्या सार्वजनिक कार्यक्रमांची परिभाषा

तौलनिक साहित्याभ्यासात शब्दांच्या स्थलांतराचा विचार सामान्यतः ग्रंथांच्या, वाङ्मयप्रकारांच्या आणि भाषांतरांच्या अंगाने केला जातो. शासकीय योजनांची नावे, आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतील रकाने किंवा किशोरवयीनांसाठी उघडलेल्या समुपदेशन केंद्रांच्या पाट्या यांना या अभ्यासात क्वचितच स्थान मिळते. वास्तविक स्वातंत्र्योत्तर भारतात ज्या शब्दांनी सर्वाधिक भाषिक सीमा ओलांडल्या, त्यांपैकी काही शब्द सार्वजनिक आरोग्याच्या आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रातले आहेत. त्यांपैकी ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी भूमीतल्या एका प्रयोगातून निघाला आणि आज तो देशातील बहुतेक भाषांत रुळला आहे. उलट, किशोरवयाच्या बाबतीत मात्र मराठीला आणि इतर भारतीय भाषांनाही असा सर्वमान्य, सहज उच्चारता येणारा शब्द अद्याप सापडलेला नाही. या दोन शब्दकथांमधील अंतर केवळ भाषिक नाही; सेवा कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. हा संबंध स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

१. अंगण : एका शब्दाचा जन्म

‘अंगणवाडी’ या शब्दाची पार्श्वभूमी द्विभाषिक आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या शैक्षणिक कार्याची घडण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, गुजराती वातावरणात झाली. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मॉन्टेसरीच्या विचारांना भारतीय भूमीत रुजविण्याचा गिजुभाईंचा प्रयत्न आणि ताराबाईंची त्यातील साथ यांतून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. म्हणजे बालशिक्षणाची आधुनिक मराठी परिभाषा घडत होती तेव्हा तिच्या शेजारी गुजराती परिभाषाही घडत होती, आणि दोन्हींच्या मागे इटालियन व इंग्रजी ग्रंथांची सावली होती.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. (हा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीत गावातील सुस्थित घरांतली मुले येत, वस्तीतली, पाड्यांवरची मुले येत नसत. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, कोणाला अंगावर घालण्यास कपडा नसे, आणि कोणाला गावात मोकळेपणाने वावरण्याची मुभाच नसे. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असा निर्णय यातून झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी याच न्यायाने कुरणशाळा निघाली. मॉन्टेसरीच्या महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी आणि खड्यांनी घेतली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खरजेवर औषध लावणे ही कामे शिक्षणाच्या आधीची तयारी नव्हती. ती शिक्षणाचाच भाग होती. आरोग्य, पोषण आणि शिक्षण यांची जी एकात्मता पुढे राष्ट्रीय योजनेच्या नावात आली, ती येथे परिस्थितीच्या रेट्यातून आधीच आकारास आली होती.

शब्दाची रचनाही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मराठीत ‘वाडी’ म्हणजे लहान वस्ती. कोकणात ती नारळी-पोफळीची बागही होते. गुजरातीत ‘वाडी’ म्हणजे मुख्यतः बाग किंवा बागायती शेत. फ्रोबेलने जर्मनीत १८४० मध्ये बालशाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले होते. ‘बालवाडी’ या शब्दात त्या रूपकाचा पडसाद ऐकू येतो. ‘अंगणवाडी’त मात्र रूपक बदलते. बाग ही मुलासाठी मुद्दाम लावलेली, कुंपण घातलेली जागा असते. अंगण मुलाचे स्वतःचेच असते. ते घराच्या आतही नाही आणि पूर्णपणे बाहेरही नाही. तेथे आईचा आवाज पोहोचतो आणि शेजारणीची नजरही पोहोचते. संस्था कोठे उभी करावयाची, याचे उत्तर शब्दातच दिलेले आहे.

२. शब्दाचा देशभर प्रवास

१९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा या केंद्रातून द्यावयाच्या होत्या. अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असे निर्देश दिले, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने केंद्रांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्यास सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांखालील बालकांच्या आहाराला कायद्याचा आधार दिला. २०२१ पासून ही सेवा ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाखाली चालते. योजनेचे नाव बदलले, केंद्राचे नाव मात्र टिकून राहिले.

भाषांच्या सीमा ओलांडताना हा शब्द प्रत्येक ठिकाणी थोडा निराळा झाला. मल्याळममध्ये तो ‘अङ्कणवाडि’ असाही लिहिला जातो. ‘अङ्कणम्’ हा अंगणवाचक शब्द त्या भाषेत होताच, आणि ‘वाडि’ म्हणजे तेथे बागच. परका शब्द केरळात गेला तो घरचाच वाटावा अशा रूपात. बंगालीत ‘अंगन’ ओळखीचे राहिले; परंतु ‘वाडी’चा ‘ओयाडि’ झाला आणि घरवाचक ‘बाडि’शी त्याचे नाते जुळता जुळता राहिले. हिंदीत ‘आँगन’ हा शब्द असूनही योजनेचा शब्द ‘आँगनबाड़ी’ आणि ‘आंगनवाड़ी’ अशा दोन रूपांत नांदतो. एका प्रादेशिक भाषेतील शब्द संस्कृतच्या किंवा इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून इतक्या भाषांत जावा, ही घटना तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

तथापि शब्दाचा प्रवास म्हणजे कल्पनेचा प्रवास नव्हे. अंगणातली वाडी शासकीय केंद्र झाली तेव्हा काही ठिकाणी ती भाड्याच्या खोलीत गेली, काही ठिकाणी मंदिराच्या ओवरीत. आणि ज्या पाड्यापर्यंत जाण्यासाठी ती जन्मली, तो पाडा पुष्कळदा मागेच राहिला. सहा सेवांपैकी ‘संदर्भ सेवा’ हे नाव पाहावे. साहित्याच्या अभ्यासकाला संदर्भ म्हणजे ग्रंथातील आधार. येथे त्याचा अर्थ आजारी मुलास मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे असा आहे. मेळघाटातील किंवा भामरागडमधील आईला हा शब्द काहीच सांगत नाही. आणि तिला जे कळायला हवे, म्हणजे कोठे जायचे, कोणत्या गाडीने, सोबत कोण, ते या शब्दात नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द खालून वर गेला, ‘संदर्भ सेवा’ हा वरून खाली आला, एवढा हा फरक आहे.

३. पानगळ आणि दूत

सार्वजनिक आरोग्यात रूपकाचे सामर्थ्य किती असते, याचे एक ठळक मराठी उदाहरण २००१ चे आहे. महाराष्ट्रातील बालमृत्यूंच्या अभ्यासाचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी या अभ्यासामागे होते. शासकीय नोंदींतून बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर निसटतात, हे या अहवालाचे मुख्य प्रतिपादन होते. अहवालाचे शीर्षक संख्याशास्त्रीय नाही. पानगळ ही ऋतुचक्रातील स्वाभाविक घटना आहे. पिकले पान गळावे, यात अघटित काही नाही. मात्र ‘कोवळी’ या एका विशेषणाने ती स्वाभाविकता मोडली जाते. कोवळे पान आपणहून गळत नाही. ते गळते तेव्हा मुळाशी काहीतरी बिघडलेले असते. दुर्गम भागात मुले मरायचीच, असे मानण्याची जी प्रशासकीय सवय होती तिला हे विशेषण छेद देत होते. ‘बालमृत्यू दर’ या शब्दसंहतीने विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत जे साधले नव्हते, ते या दोन शब्दांनी साधले, असे म्हणण्यास जागा आहे.

अहवालाच्या आधी एक प्रयोग होऊन गेला होता. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या प्रयोगाची भाषिक बाजू महत्त्वाची आहे. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. म्हणून रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, अंग हाताला गार लागणे, पोट फुगणे अशी लक्षणे निश्चित करण्यात आली. ही सर्व लक्षणे आई आपल्याच शब्दांत सांगू शकते. वैद्यकाने आपली परिभाषा आईच्या निरीक्षणापर्यंत खाली आणली, असे येथे म्हणणे बरोबर होणार नाही. आईच्या निरीक्षणालाच परिभाषेचा दर्जा मिळाला, हे म्हणणे अधिक योग्य होय.

या कार्यकर्त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटले गेले. दूत हा भारतीय काव्यपरंपरेतील ओळखीचा आहे. तो निरोप नेतो, आणि चांगला दूत उत्तरही घेऊन येतो. २०११ पासून ही पद्धती ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यावयाची. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची आणखी एक. २०१८ मध्ये याला ३ ते १५ महिन्यांच्या वयातील पाच भेटींची जोड मिळाली. या भेटींचे यश वेळापत्रकाइतकेच ‘उत्तर घेऊन येणाऱ्या’ दूतावर अवलंबून असते. केवळ रकाने भरले गेले तर निरोप पोहोचतो, उत्तर येत नाही.

४. जगणे आणि वाढणे

मूल जगले म्हणजे त्याचा विकास झाला, असे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती; महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. शरीराची वाढ आणि मेंदूची वाढ या दोन्हींसाठी पहिली काही वर्षे निर्णायक असतात, यावर आता एकमत आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात पाच घटक सांगितले आहेत : आरोग्य, पुरेसे पोषण, सुरक्षितता, आरंभिक शिक्षणाच्या संधी आणि बाळाच्या हाकेला ओ देणारे संगोपन.

या शेवटच्या घटकाला मराठी शासकीय कागदपत्रांत ‘प्रतिसादात्मक संगोपन’ असे अवजड नाव मिळते. वास्तविक ज्या भाषेत अंगाई, पाळणा, बडबडगीत, बोबडे बोल, लाड, कोडकौतुक हे शब्द आहेत, त्या भाषेत ही कल्पना परकी नाही. बाळाने हुंकार द्यावा आणि मोठ्याने त्याला उत्तर द्यावे, ही क्रिया घरोघर चालत आलेली आहे. अडचण कल्पनेची नाही, सवडीची आहे. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईपाशी हुंकाराला उत्तर देण्याएवढा वेळ उरत नाही. ‘प्रतिसादात्मक’ या शब्दाने हे वास्तव झाकले जाते, कारण आईला काहीतरी नवे शिकवायचे आहे असा समज त्यातून होतो. तिला शिकवणीपेक्षा पाळणाघराची अधिक गरज असते.

भाषांतराचा दुसरा प्रश्न तपासणीचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी चार गोष्टींसाठी होते : जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब. इंग्रजीत हे चारही शब्द ‘डी’ने सुरू होतात, मराठीत तो अनुप्रास हरवतो, पण ‘चार डी’ हे नाव टिकून राहते. हे नुकसान किरकोळ आहे. गंभीर प्रश्न निराळा आहे. मूल किती शब्द बोलते, सूचना समजते का, असे तपासणीत विचारले जाते. कोरकू, माडिया किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत सूचना दिली आणि ते गप्प राहिले, तर तो विलंब मुलाचा मानावयाचा की विचारणाऱ्याच्या भाषेचा? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) आरंभिक शिक्षणात घरच्या भाषेवर भर दिला आहे. २०२४ मध्ये शून्य ते तीन वयोगटासाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हे राष्ट्रीय आराखडे आले. त्यांतील खेळ आणि गाणी प्रत्येक बोलीत सापडतील की केवळ राज्यभाषेत अनुवादित होतील, यावर त्यांचे फलित अवलंबून राहील.

५. ज्याला नाव नाही असे वय

किशोरवयाकडे वळल्यावर परिभाषेची अडचण अधिक उघड होते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला एक स्वतंत्र टप्पा मानते. संस्कृत परंपरेतील एका प्रचलित विभागणीत कौमार पाच वर्षांपर्यंत, पौगंड दहापर्यंत आणि कैशोर पंधरापर्यंत जाते, त्यापुढे यौवन. आधुनिक मराठी मानसशास्त्राने ‘पौगंडावस्था’ हा शब्द घेतला आणि तो थेट तारुण्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. बोलभाषेत मात्र या वयाला सलग नाव नाही. मुलगी ‘वयात येते’, ‘शहाणी होते’, तिला ‘न्हाण येते’. मुलाला ‘मिसरूड फुटते’. हे सर्व शब्दप्रयोग घटना सांगतात, कालखंड सांगत नाहीत. शिवाय मुलीच्या बाबतीत घटनेनंतर लगेच ‘बाजूला बसणे’ आणि ‘स्थळ पाहणे’ यांची भाषा सुरू होते. बालपण आणि विवाह यांच्यामध्ये जागाच नाही, असे हा शब्दसंग्रह सुचवितो. आकडेही तेच सांगतात. उपरोक्त सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता, आणि १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त होत्या. यापूर्वीच्या फेरीत (२०१५–१६) हे दुसरे प्रमाण ५४.१ टक्के होते. विवाहाचे प्रमाण घटत असता रक्तक्षय मात्र वाढला.

शासकीय कार्यक्रमांनी या वयाकडे प्रथम ‘भावी माता’ म्हणून पाहिले. किशोरी शक्ती योजना (२०००) आणि २०० जिल्ह्यांतील ‘सबला’ (२०१०) या दोन्ही मुलींसाठी होत्या व अंगणवाडीशी जोडलेल्या होत्या. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने मुलगे आणि मुली दोघांनाही कक्षेत घेतले आणि पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय ठरविले. या कार्यक्रमाच्या नावातच एक भाषिक योगायोग दडला आहे. हिंदीत ‘स्वास्थ्य’ म्हणजे आरोग्य. मराठीत आरोग्याला ‘आरोग्य’च म्हणतात, ‘स्वास्थ्य’ म्हणजे मनाचा निवांतपणा, ज्याच्या अभावी माणूस ‘अस्वस्थ’ होतो. हिंदी नाव मराठीत जसेच्या तसे आले आणि अर्थ विस्तारला. किशोरवयीनाला नेमके जे हवे असते, ते या चुकून आलेल्या अर्थात अधिक नेमकेपणाने व्यक्त होते.

मराठीत या अर्थाला पूर्वपीठिकाही आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे नियतकालिक चालविले. शरीर, लैंगिकता आणि संततिनियमन यांविषयी सरळ मराठीत लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटल्यामागचा प्रश्न शब्दांचा होता : जे शरीर प्रत्येकाला आहे, त्याविषयी सार्वजनिकपणे कोणत्या शब्दांत बोलावे? सत्तर वर्षांनंतरही तो सुटला नव्हता. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यातील चित्रांवर आणि शब्दांवर आक्षेप आले, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो कार्यक्रम थांबविला.

या इतिहासामुळे किशोरांसाठीच्या आरोग्य केंद्रांनी घेतलेली नावे अभ्यासनीय ठरतात. महाराष्ट्रात ‘मैत्री’, पश्चिम बंगालमध्ये ‘अन्वेषा’, राजस्थानात ‘उजाला’, कर्नाटकात ‘स्नेहा’. एकाही नावात रोग नाही, शरीर नाही, वयही नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुलीला कोणी पाहिले तर तिला लाज वाटू नये, हा यामागचा हेतू उघड आहे आणि तो योग्यही आहे. परंतु पाटीवरील सौजन्य आतल्या टेबलापर्यंत पोहोचले पाहिजे. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरतो’, ‘कसंतरीच होतं’ या वाक्यांत एखादी मुलगी आपले दुःख सांगते. प्रश्नावलीतील ‘नैराश्य’ आणि ‘चिंताविकार’ या शब्दांना ती ‘नाही’ असे उत्तर देईल, आणि ते उत्तर प्रामाणिकच असेल. राणी बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत सुरू झालेल्या शिबिरांचे ‘तारुण्यभान’ हे नाव या बाबतीत उजवे वाटते. त्यात धोक्याची सूचना नाही आणि झाकपाकही नाही. ‘भान’ येणे ही मराठी बोलणाऱ्या कोणालाही कळणारी गोष्ट आहे.

६. मानधन : एका शब्दाची किंमत

परिभाषा सेवा पोहोचविते तशी ती सेवा देणाऱ्याचे श्रम झाकूही शकते. अंगणवाडीतील कर्मचाऱ्यास मराठीत ‘सेविका’ म्हणतात व तिला मिळते ते ‘मानधन’. मानधन हा शब्द व्याख्याते, परीक्षक, कवी यांना दिल्या जाणाऱ्या रकमेसाठी रूढ आहे. तेथे तो उपजीविकेचा पर्याय नसतो. अंगणवाडी सेविकेचे मात्र ते पूर्ण दिवसाच्या कामाचे उत्पन्न आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने मोठ्या अंगणवाडीच्या सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये निश्चित केले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात प्रदीर्घ संप केला. त्यांच्या मागण्यांच्या मुळाशी एक शब्दार्थाचा वाद होता : हे काम सेवा आहे की नोकरी, आणि मिळते ते मान आहे की वेतन?

हा वाद बालविकासाच्या विषयापासून दूर नाही. बाळाच्या हुंकाराला उत्तर देणारे, गप्प मुलाच्या बोलीत बोलणारे, किशोरीचे ‘कसंतरीच’ समजून घेणारे माणूस कोठून येणार, याचे उत्तर त्यात आहे. घाईत असलेल्या, अकरा नोंदवह्या आणि एक भ्रमणध्वनी सांभाळणाऱ्या स्त्रीकडून आपण संवादाची अपेक्षा करतो आणि तिच्या श्रमांना ‘मान’ या शब्दात गुंडाळून ठेवतो.

बोर्डीच्या प्रयोगात शब्द नंतर आला. आधी कोणीतरी पाड्यावर गेले, अंगणात बसले आणि तेथे काय आहे ते पाहिले. पुढे जे शब्द टिकले, ते याच क्रमाने आलेले दिसतात. जे टिकले नाहीत, ते आधी ठरले आणि मग पाड्यावर गेले. भारतीय भाषांतील आरोग्यविषयक परिभाषेचा तौलनिक अभ्यास हाती घेतला गेला, तर हा क्रम किती भाषांत असाच आढळतो ते तपासता येईल. तो अभ्यास साहित्याच्या विभागांनी करावा, कारण शब्द आपल्याबरोबर कोणते घर घेऊन येतो हे ओळखण्याचे शिक्षण तेथेच दिले जाते.